चकमक

वर्तमानपत्रात ‘चकमक’ हा शब्द दिसला की आपल्याला बंदुका आठवतात. मंडळी, हा शब्द मुळात विस्तव पेटवणारा आहे. तुर्की भाषेत ‘चाकमाक’ म्हणजे आघात करून ठिणगी पाडणे. तुर्कस्तानात आजही सिगारेटच्या लायटरला हेच नाव आहे. फारसीच्या वाटेने तो इकडे आला आणि धनगराच्या बटव्यात जाऊन बसला. त्याच्याकडे कुणी रहिवासाचा दाखला मागितला नाही, हे बरेच झाले.

माझ्या आजोबांच्या कमरेलाही असा बटवा असे. त्यात पोलादाचा वाकडा तुकडा, एक गारगोटी आणि सावरीचा कापूस. आम्हा पोरांना वाटे, ठिणगी दगडात दडलेली असते. खरे तर ती पोलादाची असते. पोलादापेक्षा कठीण असलेला दगड त्याचा बारीकसा कीस काढतो. घर्षणाने तापलेला तो कीस हवा लागताच पेट घेतो. म्हणून मऊ लोखंड इथे कामाचे नाही, पाणी दिलेले कडक पोलादच हवे. दगडाला मात्र आपल्याकडे तोटा नाही. दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत गारगोट्या आणि अकीक भरपूर सापडतात.

लोखंड येण्यापूर्वीही माणूस ठिणगी पाडतच होता. 1991 साली आल्प्सच्या बर्फात सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा देह सापडला. त्याच्याजवळ झाडावर वाढणारी वाळलेली बुरशी होती आणि तिच्यावर पायराइट या खनिजाचे कण. म्हणजे दगड आणि कापूस यांचीच ती जुनी जोडी!

1827 साली जॉन वॉकर या इंग्रज औषधविक्रेत्याने घासून पेटणाऱ्या काड्या विकायला काढल्या आणि हळूहळू चकमक मागे पडली. पण ठिणगी संपली नाही. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख हा ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ. लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्तीची जाळी, म्हणजे मँटल, याचीच देणगी. त्या जाळीसाठी मोनाझाइट वाळू लागे. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर ती 1909 साली सापडली. थोरियम काढून घेतल्यावर या वाळूतून सेरियमसारखे धातू उरत. त्यांत लोखंड मिसळून त्याने 1903 साली एका मिश्रधातूचे पेटंट घेतले. लायटरमध्ये जो ‘दगड’ आपण घालतो तो हाच. तो दगड नव्हेच! आणि स्वयंपाकघरातला टकटक करणारा लायटर तर तिसऱ्याच जातीचा, दाबाने वीज निर्माण करणारा.

सह्याद्रीत भटकणारी मुले हल्ली याच मिश्रधातूची कांडी गळ्यात अडकवतात. काडेपेटी भिजली की संपली. कांडी पुसली की पुन्हा तयार. तिची ठिणगी 3000 अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. घ्यायचीच तर बोटाएवढी लांब आणि जाड घ्यावी. किरकोळ कांडी थंडीने बधिरलेल्या हातात धरवत नाही. नवीन कांडीवरचा काळा थर आधी खरवडून काढावा. घासायला सुरीची धार नको, पाठ वापरावी, तीही काटकोनी कडेची. आणि आजोबांच्या सावरीच्या कापसाऐवजी व्हॅसलिन चोपडलेला साधा कापूस घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा. श्रावणातल्या गडावर तेवढीच एक कोरडी गोष्ट उरते.