रक्ताचा कर्करोग, स्वभाव आणि मनःस्वास्थ्य

रक्त, अस्थिमज्जा वा लसिकासंस्थेच्या कर्करोगात रुग्णाच्या स्वभावाचा त्याच्या मानसिक स्थितीशी संबंध असतो. चिंताळू वृत्तीच्या रुग्णांत नैराश्य अधिक आढळते. पण स्वभावामुळेच कर्करोग होतो, या समजाला आधार नाही. स्वीडन-फिनलंडमधील सुमारे ६० हजार लोकांच्या पाहणीत (२०१०) तसे दिसले नाही. चिडचिड, निद्रानाश हे पुष्कळदा उपचारात दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडांचे परिणाम असतात; घरचे मात्र ‘माणूसच बदलला’ म्हणतात. मनावर परिस्थितीचाही ताण येतो. मराठवाड्यात नांदेडजवळ विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी विशेष उपचारांसाठी तेथील अनेक रुग्ण छत्रपती संभाजीनगरला किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. परगावी मुक्काम लांबतो, मजुरी बुडते. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या की संसर्ग टाळण्यासाठी भेटीगाठीही थांबवाव्या लागतात.