'शुगर'मधला 'श'

पालमला विज्ञानशिक्षकांशी गप्पा मारायला गेलो होतो. चहाच्या वेळी एका शिक्षकांनी वर्गातला प्रसंग सांगितला. सातवीतल्या मुलीने विचारले होते, "सर, स्पेलिंगमध्ये 'एस' आहे, मग 'शुगर' का म्हणायचं? तो 'शर्करे'तला 'श' आहे का?" सरांनी 'हो' म्हणून टाकले होते. 'शुगर' हा शब्द 'शर्करे'वरूनच आला आहे, त्यामुळे उत्तर बरोबर वाटते. पण ते बरोबर नाही. कसे, ते पाहू.

'शर्करा' म्हणजे मुळात खडे, रेव. सुश्रुतसंहितेत मूत्रमार्गातल्या बारीक खड्यांनाही 'शर्करा' म्हटले आहे. उसाचा रस आटवून दाणेदार पदार्थ मिळू लागला, तेव्हा त्यालाही हेच नाव मिळाले. प्राकृतात त्याचे 'सक्करा' झाले आणि पुढे मराठीत 'साखर'.

उसाबरोबर हा शब्द पश्चिमेकडेही गेला. फारसीत तो 'शकर' झाला, अरबीत 'सुक्कर'. अरबांनी ऊस इजिप्त, सिसिली, स्पेनपर्यंत नेला. पुढे फ्रेंचमध्ये 'स्युक्र' झाले आणि 1300 च्या सुमारास शब्द इंग्रजीत पोचला. म्हणजे मूळचा 'श' अरबीतच हरवला होता. इंग्रजीतला 'श' नवा आहे. तिथे 'स्यु'चा 'शु' झाला. 'स्यु, स्यु' असे भरभर म्हणून पाहा. जीभ टाळूकडे सरकते आणि 'श' ऐकू येऊ लागतो. ताळा म्हणून 'शुअर' हा शब्द घ्या. त्याच्याही स्पेलिंगमध्ये 'एस' आणि उच्चारात 'श' आहे, पण तो लॅटिनमधून आलेला. 'शर्करे'शी त्याचा काही संबंध नाही.

'शर्करे'ची आणखी दोन वंशजे इंग्रजीत आहेत. भारतातला शब्द ग्रीकांकडे 'साक्खारोन' या रूपात गेला होता. 1879 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फालबर्ग यांना एक अतिशय गोड रसायन सापडले, त्याचे 'सॅकरिन' हे नाव याच घराण्यातले. पॉलिसॅकराइडमधला 'सॅकराइड'ही तिथलाच. तिसरी वाट आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची. मलयाळममधल्या 'चक्कर'सारख्या शब्दावरून पोर्तुगीजांनी 'जागरा' केले आणि इंग्रजांनी गुळाला 'जॅगरी' म्हटले.

एकाच शब्दाची तीन रूपे तीन वाटांनी एका भाषेत आली आणि दिसायला एकमेकांसारखी राहिली नाहीत. उलट 'नीटनेटके' या अर्थाचा इंग्रजी 'नीट' आपल्या 'नीट'सारखा ऐकू येतो, पण तो 'चकचकीत' अर्थाच्या लॅटिन शब्दावरून फ्रेंचमार्गे आलेला आहे. नुसते उच्चार जुळले म्हणून नाते सिद्ध होत नाही. मधले थांबे दाखवावे लागतात.

"इंग्रजीतले सगळे शब्द आपलेच," असे वर्गात सांगणे सोपे असते, आणि मुलांना ते आवडतेही. अशा वेळी फळ्यावर दोन शब्द लिहून मधली जागा रिकामी सोडावी आणि विचारावे, "इथे कोणकोणते थांबे असतील? पुरावा काय?" त्या मुलीने शब्दाचे मूळ अचूक ओळखले होते. चुकला होता तो फक्त पुरावा. तेवढे तिला सांगायला हवे, असे ते शिक्षक निघताना स्वतःच म्हणाले.