माथाडी ते गिग कामगार: जयपूरचा कायदा

आज आपण जयपूरला जाणार आहोत. भांडवल कारखान्यातून ॲपमध्ये गेलं, तेव्हा कामगाराचं काय झालं, हे त्या शहरात नीट दिसतं.

जयपूर मेटल्स अँड इलेक्ट्रिकल्स हा कारखाना १९४३ साली निघाला आणि २००० साली बंद पडला. कामगारांची देणी थकली. पण त्यांच्याकडे हजेरी होती, पगाराची चिठ्ठी होती, मालक कोण ते ठाऊक होतं. म्हणून त्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१८ च्या निकालपत्रावर तिचं नाव आहे.

आज त्याच शहरात घरोघरी जेवण पोचवणाऱ्या मुलाकडे यातलं काय आहे? कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाइलही त्याचाच. कंपनीकडे असते ती माहिती: मागणी कुठे वाढली, काम कोणाला द्यायचं, पैसे किती द्यायचे. गिरणीत यंत्र मालकाचं आणि कसब कामगाराचं होतं. इथे उलटं झालं. ज्ञानाधारित भांडवलशाही म्हणतात, तिची ही रस्त्यावरची बाजू.

महाराष्ट्राला मात्र हे नातं जुनंच आहे. बाजारातल्या हमालाला कायमचा मालक नव्हता. माल उतरेपर्यंत व्यापारी मालक, मग कोणी नाही. पाठ मोडली तर जबाबदार कोण? मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात बाबा आढाव यांनी हमालांना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याची युक्ती साधी होती. एकच मालक शोधत बसायचं नाही. हमालाची नोंद मंडळात करायची, काम करून घेणाऱ्याने मजुरीवर लेव्ही भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी द्यायचं.

२४ जुलै २०२३ रोजी राजस्थान विधानसभेने गिग कामगारांचा कायदा मंजूर केला. असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्याचा साचा ओळखीचा आहे: मंडळ, नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क. कायदा मोडणाऱ्या कंपनीला पहिल्यांदा ५ लाखांपर्यंत, पुन्हा मोडल्यास ५० लाखांपर्यंत दंड. त्याच वर्षी डिसेंबरात सरकार बदललं आणि अंमलबजावणी रेंगाळली.

माथाडीत आणि यात एक फरक आहे. हमाल आपली पोती स्वतः मोजू शकत होता. ॲपवरच्या मुलाला आपलं काम कमी का झालं, आयडी बंद का झाला, हे कळतच नाही. हा कायदा मागणाऱ्यांत मजदूर किसान शक्ती संघटन होतं, हा योगायोग नव्हे. दुष्काळी कामांचे हजेरीपट जनतेला दाखवा, ही मागणी त्यांनी राजस्थानातच लावून धरली, आणि तिच्यातून माहिती अधिकाराची चळवळ वाढली. तेव्हा हजेरीपट सरकारी कपाटात होता. आता तो कंपनीच्या सर्व्हरवर आहे. मजुरी ठरवणारी माहितीच मालकाच्या हातात असेल, तर मजुरीचं भांडण हिशोब पाहण्याच्या हक्कापासूनच सुरू करावं लागतं.