सेफोनोडिस हायलस

दिवसा उडणारा, पारदर्शक पंखांचा पतंग. कुळ स्फिंगिडी, म्हणजे हॉकमॉथ. कार्ल लिनियस यांनी १७७१ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया ते जपानपर्यंत आढळतो. त्याचे जवळचे नातलग, हेमारिस वंशातील पतंग, युरोप-आशियाच्या डोंगरी कुरणांत भरदुपारी फुलांवर येतात.

अंग हिरवट-पिवळे, पोटाभोवती गडद पट्टा, शेपटाकडे काळ्या केसांचा झुपका. एकूण रूप मोठ्या भुंग्याचे. कोशातून बाहेर येतो तेव्हा पंखांवर करडे खवले असतात. पहिल्याच भरारीत ते झडून जातात आणि काचेसारखे पंख उरतात. बहुतेक पतंगांचे सारे रूप खवल्यांतच असते, म्हणून हे झडणे विशेष वाटते. फुलावर तो बसत नाही. हवेत एका जागी तरंगत लांब सोंड आत घालून मध शोषतो आणि क्षणात पुढच्या फुलाकडे वळतो. घाणेरीच्या झुडपाशी त्याला पाहून ‘हमिंगबर्ड दिसला’ असे अनेकजण सांगतात. हमिंगबर्ड मात्र फक्त अमेरिका खंडांत असतात. पक्ष्याला चोच असते, याला गुंडाळता येणारी सोंड आणि डोक्यावर दोन मिशा. एवढे पाहिले की ओळख पटते.

मादी कोवळ्या पानांवर सुटी सुटी अंडी घालते. अनंत, गेळा, कॉफी ही अळीची खाद्यझाडे. अळी हिरवी, शेपटाशी शिंग असलेली. हे शिंग मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवे नाही: तिळाची पाने खाणारी जाड, शिंगवाली अळी याच कुळातल्या अ‍ॅकेरोंशिया स्टिक्स या पतंगाची. पूर्ण वाढलेली अळी खाली उतरून मातीत किंवा पालापाचोळ्यात कोश करते.

भारतातील हॉकमॉथच्या अळ्यांची माहिती मुख्यतः टी. आर. बेल यांच्यामुळे मिळाली. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कारवारच्या परिसरात वनाधिकारी म्हणून राहून त्यांनी अळ्या घरी वाढवल्या. एफ. बी. स्कॉट यांच्यासह लिहिलेला त्यांचा हॉकमॉथवरील ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुरुम (ता. उमरगा, जि. धाराशिव) किंवा आसपासच्या गावात अंगणात अनंत असेल, तर पाने कुरतडलेली दिसताच औषध फवारू नये. अनंताला पुन्हा पालवी फुटते. झाडाखालची माती उकरली नाही आणि पाचोळा जाळला नाही, तर कोश सुरक्षित राहतात.