चंद्र : भरती-ओहोटी व ऋतू यांवरील परिणाम

समुद्राची भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाने होते. ऋतू मात्र चंद्र घडवत नाही. ते पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंश कललेला असल्यामुळे होतात.

चंद्रासमोरच्या पाण्यावर त्याची ओढ पृथ्वीच्या केंद्रापेक्षा जास्त, तर पलीकडच्या पाण्यावर कमी असते. त्यामुळे पाणी दोन्ही बाजूंना फुगते आणि बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. ओढींतला हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने अवाढव्य सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही जरा कमी भरतो. गॅलिलिओसारख्याने चंद्राचा संबंध साफ नाकारला होता. न्यूटनने १६८७ मध्ये त्याचे गणित मांडले.

लागोपाठच्या दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की अंदाजी वेळ निघते : अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येऊन उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढणारी. पाणी किती चढेल हे मात्र किनाऱ्याच्या ठेवणीवर ठरते. एकाच चंद्राखाली उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक गोव्यात जेमतेम २ मीटर, मुंबईत सुमारे ४, तर खंभातच्या निमुळत्या आखातात भावनगरजवळ १० मीटरच्या आसपास असतो.

ऋतूनुसार भरतीही बदलते, आणि मुंबईकरांना याची झळ बसते. जून-जुलैत सूर्य आणि अमावास्या-पौर्णिमेचा चंद्र दोघेही विषुववृत्तापासून दूर असल्याने दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या राहत नाहीत. त्या काळात मोठे उधाण भर दुपारी येते, डिसेंबरात मध्यरात्री. भरतीच्या पातळीखाली गेलेल्या नाल्यांतून पावसाचे पाणी समुद्रात जात नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा भरतीनेही पाण्याची वाट अडवली होती.

ऋतूंच्या बाबतीत चंद्राचे काम राखणदारीचे आहे. पृथ्वीच्या अक्षाचा कल सुमारे ४१,००० वर्षांच्या चक्रात साधारण २२.१ ते २४.५ अंशांतच हलतो. मोठा चंद्र नसलेल्या मंगळाचा कल कोट्यवधी वर्षांत फार मोठे हेलकावे खातो. चंद्र नसता तर पृथ्वीचेही तसेच झाले असते, असे खगोलशास्त्रज्ञ झाक लास्कर व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये गणिताने दाखवले. नंतरच्या संगणकीय अभ्यासांत हे हेलकावे बरेच सौम्य निघाले, त्यामुळे ‘चंद्राविना जीवसृष्टी अशक्य’ हे लोकप्रिय विधान जपूनच करावे.

भरतीच्या घर्षणाने पृथ्वीचे परिवलन मंदावते आणि चंद्र दूर सरकतो. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर किरण सोडून हे अंतर मोजले जाते. वाढ वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर आहे.