गळपंखी सरड्याची ओळख : लक्षणांचा क्रम

पठारावर दिसणाऱ्या सरड्याची जाती निश्चित करणे म्हणजे त्याच्या शारीरिक लक्षणांवरून इतर सर्व शक्यता क्रमाने वगळणे. येथे 'लक्षण' या शब्दाने डोळ्यांनी तपासता येईल असा शरीराचा विशेष अभिप्रेत आहे, आणि 'गळपंखा' या शब्दाने नराच्या गळ्याखालील उघडमीट होणारी त्वचेची घडी. विवेचनाचा विषय सिताना आणि साराडा या दोन प्रजाती.

लक्षणे त्रिविध आहेत : (१) स्थिर, म्हणजे वय, लिंग व ऋतू यांनी न बदलणारी, उदा. बोटांची संख्या. (२) लिंगबद्ध, म्हणजे एकाच लिंगात पूर्ण विकसित होणारी. (३) चल, म्हणजे ऋतू, तापमान वा प्राण्याची अवस्था यांनुसार बदलणारी. बहुतेक रंग या वर्गात मोडतात. गळपंख्याचा आकार दुसऱ्या वर्गातला आणि त्याच्या रंगाची तीव्रता तिसऱ्या वर्गातली. निरीक्षकाची नजर मात्र प्रथम तेथेच जाते. अनेक चुकीच्या नोंदींचे मूळ या उलट क्रमात आहे.

पहिली पायरी कुळाची. ती लवकर आटोपते. हलणाऱ्या पापण्या बहुतेक पालींना नसतात (बिबट्या पालीला त्या असतात, हा अपवाद ध्यानी ठेवावा). सापसुरळीचे खवले गुळगुळीत व चकचकीत, घोरपडीची जीभ दुभंगलेली, तर शॅमेलिऑनची बोटे दोन गटांत जुळलेली असतात. हे सर्व वगळल्यावर कंगोरेदार खवल्यांचे, सुट्या बोटांचे अगॅमिड सरडे उरतात.

दुसरी पायरी प्रजातीगटाची. तिचा निर्णय मागच्या पावलावर होतो. बागेतला नेहमीचा सरडा, कॅलोटीस व्हर्सिकलर, आणि कातळावरचा सॅमोफिलस या दोघांच्याही मागच्या पावलाला पाच बोटे असतात. त्यांतील चौथे सर्वांत लांब. त्याच्या बाहेर, थोडे मागे, आखूड पाचवे बोट फुटते. सिताना व साराडा यांत हे पाचवे बोटच नाही, म्हणून सर्वांत लांब बोट हेच सर्वांत बाहेरचे ठरते. पुढच्या पावलाला मात्र पाच बोटे असतात. घाईत तीच मोजली गेली तर निष्कर्ष चुकतो. मादी, पिल्लू आणि हंगामाबाहेरचा नर या सर्वांना ही कसोटी सारखीच लागू पडते. गळपंखा फुलवलेल्या नराच्या छायाचित्रात मागचे पाऊल बहुधा गवतात गेलेले असते, ही छायाचित्रकारांविषयीची रास्त तक्रार होय.

तिसरी पायरी दोन प्रजातींतील भेदाची. क्युव्हिएने 1829 मध्ये सिताना प्रजाती स्थापिली आणि दीर्घकाळ असे बहुतेक सरडे सिताना पॉन्टिसेरियाना या एकाच नावाखाली नोंदले जात. 2016 मध्ये आकारिकी व जनुकीय पुरावा एकत्र तपासून साराडा ही प्रजाती वेगळी करण्यात आली. साराडा तुलनेने थोराड. तिच्या नराचा गळपंखा मोठा, त्यावर झळाळता निळा, काळा व नारिंगी असे तीन रंग ठळक. सितानाचा गळपंखा सामान्यतः फिकट असून त्यावरील रंग मर्यादित असतो. हा भेद लिंगबद्ध असल्याने एकट्या मादीवरून या पायरीवर निर्णय देणे धोक्याचे.

रंगाची तीव्रता किती अविश्वसनीय, याचा पुरावा सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर मिळतो. साराडा सुपर्बाचे वर्णन याच पठारावरील नमुन्यांवरून झाले. तेथील पवनचक्क्यांचे परिणाम तपासणारा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी व सरडे अधिक आढळले. परंतु त्या सरड्यांची शारीरिक स्थिती खालावलेली होती आणि नरांच्या गळपंख्याचे रंगही फिके होते. जाती एकच, पठार एकच, तरी रंगात फरक. म्हणून रंगांची मांडणी पाहावी. त्यांचा गडदपणा प्रमाण मानू नये.

चौथी पायरी जातीची. येथे खवले निर्णायक : डोक्याच्या मागच्या भागावर काटेरी खवले आहेत का (सिताना स्पायनीसेफॅलस हे नाव त्यावरूनच पडले), आणि कुशीवरील खवले एकसारखे आहेत की त्यांत मोठे खवले विखुरलेले आहेत. त्यानंतर डोक्याची रुंदी व अवयवांची प्रमाणे मोजावीत. स्थळ हा पूरक पुरावा. तो लक्षणांची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून नोंदीसोबत मागचे पाऊल, डोक्याचा मागचा भाग आणि कूस अशी तीन छायाचित्रे जोडावीत. ती नसल्यास चार बोटांच्या मादीपुढे 'सिताना किंवा साराडा, जाती अनिश्चित' एवढेच लिहावे.