पोहण्याची विहीर

पोहण्याचा तलाव म्हटले की निळ्या फरशा, क्लोरीनचा वास आणि तिकिटाची खिडकी आठवते. आमच्या ईटच्या बाजूला, धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, पोहायला शिकण्याची जागा म्हणजे विहीर. तिला तिकीट नव्हते, नेमलेला शिक्षकही नव्हता. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने भूम-परांड्याच्या पट्ट्यात जमिनी खरवडून नेल्या, तशाच विहिरीही गाळाने भरल्या, काही खचल्या. त्या दुरुस्त करायच्या म्हणजे नेमके काय दुरुस्त करायचे, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

मराठवाड्यात आड वेगळा आणि विहीर वेगळी. आड अरुंद, त्याला पायऱ्या नसतात. पाणी पोहऱ्याने शेंदायचे. विहीर रुंद. जुन्या बांधीव विहिरीला पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या असत आणि एका अंगाला मोटेची धाव व थारोळे असे. देवळापाशी किंवा जुन्या वाटेवर घडीव दगडात बांधलेली असेल, तर ती बारव. शिकाऊ पोहणाऱ्याला जे लागते, ते या बांधणीत आपसूकच मिळे. आधी पायरी धरून पाय मारायचे. मग पाठीला वाळलेला भोपळा किंवा हलक्या लाकडाची सांगड बांधायची, कमरेचा दोर वरच्या जाणत्या माणसाच्या हाती द्यायचा आणि आत उतरायचे. मी असाच शिकलो. पुढे मोट गेली, इंजिन आले. भोपळ्याच्या जागी प्लास्टिकचा कॅन आला. रीत मात्र तीच राहिली. काठावरून मुटका मारला की पोरगा पास!

अर्थात, या विहिरींना सरसकट सार्वजनिक म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. गावातल्या कितीतरी माणसांना त्या काठावर उभेही राहू दिले जात नसे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच प्रश्नासाठी. पुढे राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आला. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी दिलेल्या अशा जागी धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणाने कोणालाही अडवता येत नाही. यातला ‘लिंग’ हा शब्द आपण विसरतो. विहिरीवर मुलगे शिकले; मुली बहुधा धुण्याचे पिळे घेऊन काठावरच राहिल्या.

पायऱ्यांच्या विहिरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती बाजू नारूची. नारू झालेल्या माणसाने दुखरा पाय पाण्यात बुडवला की फोडातून जंताची पिल्ले पाण्यात जात. ती सूक्ष्म जलपिसवांच्या पोटात वाढत आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने हातभर लांबीचा दोरा बाहेर पडे. तो काडीला गुंडाळत दिवसेंदिवस ओढून काढावा लागे. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. १९८० च्या दशकात देशभर मोहीम झाली. पाणी गाळून प्यायला शिकवले गेले, हातपंप बसवले गेले आणि पिण्याच्या पाण्याच्या पायविहिरी बंद तरी केल्या गेल्या किंवा त्यांचे आड केले गेले. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. हे काम फार मोठे होते.

हातपंपाचा इतिहासही आपल्याच मुलखातला. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे खडकात बोअर घेण्याची यंत्रे गावोगाव फिरू लागली. जालना आणि सोलापूर इथे सुधारलेल्या पंपांवरूनच पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप घडला आणि जगभर गेला. पिण्याचे पाणी स्वच्छ झाले. पण गावाचे विहिरीकडे जाणे थांबले. जिथे जाणे नाही, तिथे राखणेही नाही. झुडपे वाढली, कठडे पडले, काही विहिरींत कचरा गेला. एक पिढी पोहण्यावाचून वाढली.

दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखात याचे कोणाला काही वाटले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परांडा तालुक्यात पुरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले, तेव्हा ध्यानात आले. पुराच्या लोंढ्यात पट्टीचा पोहणाराही टिकत नाही, हे खरे. पण ओढ्यात, शेततळ्यात, खदानीत पाय घसरलेल्या मुलाला चार हात मारता येणे म्हणजे जीव वाचणे. २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून दगावली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळकरी मुलांना पोहणे शिकवा, हा तिच्या मुख्य शिफारशींपैकी एक आहे. बांगलादेशात गावच्या तळ्यातच बांबूचे मचाण बांधून मुलांना शिकवतात. त्याला निळ्या फरशा लागत नाहीत.

दुरुस्तीचेही शास्त्र आहे. पुरानंतर भोवतालची माती पाणी पिऊन जड झालेली असते. अशा वेळी पंप लावून विहीर एकदम कोरडी केली, तर आतला आधार जातो आणि ओली माती कडा आत ढकलते. म्हणून उपसा टप्प्याटप्प्याने करायचा. गाळात कुजलेल्या पाल्यापाचोळ्यामुळे तळाशी हवा विषारी होते. खात्री केल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही. मग यारीने गाळ काढायचा आणि बांधकाम खालून वर घ्यायचे. जुन्या दगडी बांधकामाच्या सांध्यांतून झिरपणाऱ्या पाण्याला वाट मिळत असे. नवे काँक्रीट करताना तशी भोके ठेवली नाहीत, तर पाण्याचा दाब भिंतीला तडा देतो.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात बाधित विहिरीमागे ३० हजार रुपये धरले होते. ही मदत शेताच्या भिजवणीसाठी, आणि ते योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच, की दर गावाने निदान एक विहीर पोहण्यासाठी म्हणून दुरुस्त करावी. तिचे पाणी प्यायला वापरू नये. पायऱ्या मोकळ्या कराव्यात, भक्कम कठडा बांधावा, फाटकाला कुलूप लावावे, आडवा दोर आणि हवा भरलेल्या ट्यूब ठेवाव्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरलेल्या वेळी दोन जाणती माणसे काठावर बसवावीत. आणि एक वेळ मुलींसाठी राखून ठेवावी. गाळ काढायचाच आहे, तर पायरीवरचाही काढू या.